उत्तर पेपरातच छापलेलं असतं, सर

पत्र:

बाई, नमस्कार. मी धारूर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझा विषय इतिहास. आमचे इंग्रजीचे सर जूनमध्ये सेवानिवृत्त झाले, जागा काही भरली नाही आणि दहावीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. शाळा मराठी माध्यमाची. वर्गात ३८ लेकरं. त्यातली चार-पाच चांगली आहेत, त्यांना अकरावीला लातूरला जायचंय. पण निम्म्याहून जास्त पोरांना इंग्रजीची एक ओळ सलग वाचता येत नाही. दिवाळीनंतर अकरा जण आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले. मुख्याध्यापक म्हणतात, गाइडातली पत्रं आणि भाषणं पाठ करून घ्या, बाकीचं केंद्रावर बघू. पालकांचंही तेच म्हणणं. पुढच्या वर्षीपासून कच्ची पोरं नववीतच बाजूला काढून त्यांना बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचं, अशीही चर्चा आहे. तीन महिने हातात आहेत. मी काय करू? आणखी एक, माझंच इंग्रजी धड नाही. वर्गात बोलताना अडखळतो, पोरं हसतात.
— एक शिक्षक, जि. बीड

उत्तर:

सर, नमस्कार.

आज घरी गेल्यावर मागच्या मार्चची इंग्रजीची कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाचा पेपर, काढा आणि लाल पेन घ्या. ज्या प्रश्नाचं उत्तर, किंवा उत्तराला लागणारा मजकूर, पेपरातच छापलेला आहे, त्या प्रश्नाच्या मार्कांना गोल करत चला. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे, दहा-दहा मार्कांचे: उतारा समोर छापलेला. कवितेचे दहा: कविता समोर छापलेली. अपठित उतारा दहा मार्कांचा आणि त्याच उताऱ्याचा सारांश पाच मार्कांचा: तोही समोर. तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता, पाच मार्क: माहिती समोर. बेरीज करा. ८० पैकी ५० होतात.

आता गाइडातली पाठ करायची पत्रं, भाषणं, संवाद, बातम्या किती मार्कांना येतात ते बघा. पत्र पाच, संवाद किंवा भाषण पाच, बातमी-गोष्ट-कल्पनाविस्तार पाच. झाले पंधरा. म्हणजे तुमचे मुख्याध्यापक तीन महिन्यांची सगळी मेहनत पंधरा मार्कांवर लावायला सांगताहेत आणि ज्या पन्नास मार्कांचं उत्तर लेकराच्या डोळ्यांसमोर छापलेलं आहे ते तसेच सोडून द्यायला सांगताहेत. त्यांना दोष देत नाही. आमच्या पिढीचे पेपर वेगळे होते, प्रश्नोत्तरं पाठ केली की भागायचं. पेपर बदलला, तयारीची सवय तीच राहिली.

तेव्हा तुमचं एकच काम आहे. या लेकरांना छापलेली इंग्रजी ओळ वाचता आली पाहिजे. बोलता येणं, व्याकरणाच्या व्याख्या, सुंदर अक्षर हे सगळं नंतर.

दहावीच्या पोराला वाचायला शिकवायचं म्हणजे ए-बी-सी-डीपासून सुरुवात करायची का? नको. त्याचा अपमान होईल आणि वेळही जाईल. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, हे लेकरू दहावं वर्ष इंग्रजीचं पुस्तक दप्तरात घेऊन फिरतंय. त्याला अक्षरं येतात, शब्दही भरपूर येतात. ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, रिचार्ज, बॅलन्स, पेमेंट, हॉस्पिटल, इंजेक्शन, खताच्या पोत्यावरचं युरिया. हे शब्द त्याच्या तोंडात आहेत, फक्त कागदावर दिसले की ओळखू येत नाहीत. पहिल्या आठवड्यात हेच फळ्यावर लिहा. कुणाला काही येत नाही असं होणारच नाही, आणि मागच्या बाकावरचा पोरगा पहिल्यांदा हात वर करील.

मग छोटे शब्द घ्या. द, ऑफ, टू, इन, वॉज, वेअर, दे, देअर, दिस, दॅट, विथ, फ्रॉम, हॅव, हॅड, व्हेन, व्हिच. इंग्रजीचं कुठलंही पान उघडा, साधारण निम्मं पान असल्याच शे-सव्वाशे शब्दांनी भरलेलं असतं. आणि नेमके हेच शब्द अक्षरं जुळवून वाचता येत नाहीत. वॉज अक्षराअक्षरानं वाचायला गेलं की वास होतो. म्हणून ते फोडत बसायचे नाहीत. वाचता न येणारा म्हातारा एसटीची पाटी लांबून ओळखतो, तसे नजरेनं ओळखायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. तास सुरू झाला की छडी त्यावरून फिरवायची, दोन मिनिटं, रोज. रविवार सोडून कधीच खाडा नको.

उताऱ्याचं असं करा. एक उतारा, दहा-बारा ओळींचा, तीन दिवस तोच. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, पोरांची बोटं ओळीखालून सरकली पाहिजेत. बोट कुठं आहे ते फिरून बघत जा, कारण बरीच पोरं नुसता आवाज काढतात आणि डोळे खिडकीबाहेर असतात. मग सगळ्यांनी मिळून. दुसऱ्या दिवशी जोडीजोडीनं. जोडीत एक बरा, एक कच्चा. वाचायचं कच्च्यानं; बऱ्यानं फक्त अडला तिथं शब्द सांगायचा. हा नियम मोडला की हुशार पोरगी धडाधड वाचून मोकळी होते आणि दुसरा तिच्याकडं बघत बसतो. तिसऱ्या दिवशी ज्याचं त्यानं मनात, आणि लगेच प्रश्न. मुख्याध्यापक विचारतील, पोर्शन कधी संपणार? सांगा, पोर्शन संपलाय, लेकरांनी वाचायचा राहिलाय.

पोरं इंग्रजी शब्दांवर मराठीत उच्चार लिहून ठेवतात, ते चालू द्यायचं का? पहिला आठवडाभर पेन्सिलीनं लिहू द्या. मग खोडरबर वाटा आणि खोडायला लावा. वरती मराठी दिसत असेल तोवर नजर खालच्या इंग्रजी ओळीवर जातच नाही.

आता प्रश्न. पेपर तपासताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसत आली: पान भरलेलं असतं, अक्षर नीट असतं, आणि लिहिलेलं काय असतं? प्रश्नच. प्रश्नपत्रिकेतला प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढलेला. त्या लेकरानं तीन तास बसून लिहिलंय, त्याला शून्य द्यायचा. त्याला उतारा कळला नाही असंही नसतं, काय करायला सांगितलंय हेच कळलेलं नसतं. बोर्डाचे हुकूम ठरलेले आहेत. चूज, मॅच, कम्प्लीट, अरेंज, रीराइट, पिक आउट, फाइंड आउट, गिव्ह रीझन्स, स्टेट व्हेदर ट्रू ऑर फॉल्स, पंक्चुएट, फ्रेम. मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर चाळले की तीसेक हुकूम निघतील, एकतीसावा सहसा सापडायचा नाही. उताऱ्याआधी हे शिकवा. आणि वर्गातही तुमचे हुकूम याच शब्दांत द्या. हजेरीला 'अरेंज द रोल नंबर्स', डब्याच्या सुट्टीत 'मॅच युवर चप्पल्स'. हसू द्या त्यांना.

उत्तर शोधायची एक युक्ती आहे, ती मात्र नीट शिकवावी लागते. समजा उताऱ्यात असं आहे: 'रामू लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज निअर द रिव्हर. ही सोल्ड पॉट्स इन द वीकली मार्केट.' खाली प्रश्न: 'व्हेअर डिड रामू सेल हिज पॉट्स?' पोरगं काय करतं? सेल शोधतं. उताऱ्यात सेल नाहीच, सोल्ड आहे. मग ते दुसरा ओळखीचा शब्द पकडतं, रामू, आणि रामू जिथं पहिल्यांदा दिसला ती सगळी ओळ उतरवतं. उत्तर चुकलं. त्याला सांगा, क्रियापद शोधू नको, ते रूप बदलतं. नामं शोध. आणि उताऱ्यात जे नाम सगळीकडं पसरलंय तेही सोड, एकदाच आलंय ते धर. रामू दहा वेळा असेल, पॉट्स एकदाच. पॉट्सवर बोट ठेव. आता वर बघ, व्हेअर आहे, म्हणजे जागा हवी. त्या ओळीत जागा कोणती? इन द वीकली मार्केट. एवढंच लिही. हे फळ्यावर रोज एक-दोन प्रश्नांचं करा, बोट ठेवून, मोठ्यानं बोलत. दोन-तीन आठवड्यांत पोरं तुमच्या आधी बोट ठेवायला लागतील.

प्रत्येक उताऱ्याच्या शेवटची कृती स्वतःच्या मताची असते, दोन मार्कांची. ती बहुतेक सगळे कोरी सोडतात, कारण गाइडात तिचं उत्तर नसतं आणि स्वतःचं वाक्य करता येत नाही. मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद. इंग्रजीत क्रियापद मध्ये. हे इयत्ता पाचवीपासून सांगत आलोत आपण, तरी पोरगं लिहितं 'माय फादर शुगरकेन कट'. सांगून होत नाही. तीन पोरांना पुढं बोलवा, हातात पुठ्ठे द्या: माय फादर, शुगरकेन, कट. मराठी रांगेत उभं करा, माझे वडील, ऊस, तोडतात. आता इंग्रजीत करायचंय म्हटल्यावर 'कट'वाल्या पोराला चालत मध्ये यावं लागतं. त्याला खरंच चालू द्या. चौथ्या पोराच्या हातात फक्त एस. तो 'कट'ला चिकटून उभा राहणार. मग 'माय फादर'च्या जागी 'माय पेरेंट्स' पुठ्ठा आणा आणि विचारा, एस राहील का बसेल? बसेल. कारण आता एक माणूस नाही, दोघं आहेत. आमच्याकडं त्या एसवाल्याला पोरं नाव ठेवायची, पण कर्ता एकवचनी झाला की त्याला हाक मारून उठवायचीही. मग पाचवा पुठ्ठा इन कर्नाटका, सहावा एव्हरी विंटर. ते शेवटी उभे राहतात. एका तासात पूर्ण वर्ग उठून बसून सात-आठ वाक्यं करतो, आणि सगळी त्यांच्या घरातली.

या वाक्यांचा उपयोग मग सगळीकडं होतो. मताच्या प्रश्नात तीन वाक्यं. भाषणात आठ. पत्रात सहा. तक्त्यावरून परिच्छेद लिहायचा तर तक्त्याच्या एका ओळीचं एक वाक्य. सराव करायला बाजार समितीतले भाव घ्या, सोयाबीन, तूर, हरभरा. पोरांना ते तोंडपाठ असतात, कोणता चढला कोणता उतरला हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

पत्राबद्दल एवढंच: बोर्ड आता नुसतं 'मित्रास पत्र लिहा' असं विचारत नाही. एक जाहिरात किंवा पोस्टर देतं आणि त्यावरून अनौपचारिक किंवा औपचारिक, दोन्हींपैकी एक पत्र लिहायला सांगतं. पाठ केलेलं पत्र त्या पोस्टरला बसत नाही. परीक्षकाला पहिल्या दोन ओळींतच कळतं, कारण गठ्ठ्यातल्या पुढच्या दहा पेपरांत तेच पत्र असतं, स्वल्पविरामासकट. मांडणी तेवढी पाठ करून घ्या: पत्ता, तारीख, मायना, शेवट, सही. स्वतःचं नाव-गाव टाकायचं नाही, पेपरात दिलेलं वापरायचं. मधला मजकूर पोस्टरवरून घ्यायचा. कच्च्या पोरांनी डोळे झाकून अनौपचारिक पत्रच निवडावं.

पहिला विभाग, भाषाभ्यास, दहा मार्क. इथं पोरं अकारण घाबरतात. शब्द पूर्ण करा, इंग्रजी वर्णक्रमानं लावा, दिलेल्या मोठ्या शब्दातून चार छोटे शब्द काढा, शब्दसाखळी करा, विरामचिन्हं द्या. अशा सहा कृती दिलेल्या असतात, चार सोडवायच्या. 'इंडिपेन्डन्स'मधून पेन, डेन, एंड, नीड, डीप, नाइस निघतात, हा खेळ आहे. मधल्या सुट्टीनंतरच्या पेंगुळलेल्या तासाला ठेवा. शब्दसाखळी ट्रॅक्टर शब्दानं सुरू करा. शेवटचं अक्षर आर आलं की पुढचा रोप, मग एग. गावात बसायला ओटा असेल तर तिथंही खेळतील. शेवटचा विभाग भाषांतराचा, पाच मार्क: चार शब्द, दोन वाक्यं, एक म्हण. हे मराठीत लिहायचंय! तरी लोक रिकामं सोडतात. म्हणीला शब्दाला शब्द लावत बसू नका, तिच्या अर्थाची आपली म्हण लिहा. त्या पोरांच्या आज्यांकडं पोतंभर असतात.

मग कच्च्या पोराचं गणित बघा. भाषाभ्यासात दहापैकी सहा, पाठ्य उताऱ्यांत वीसपैकी दहा, कवितेत दहापैकी तीन, अपठित उताऱ्यात दहापैकी पाच, भाषांतरात पाचपैकी तीन, पत्राच्या मांडणीचे दोन. २९ झाले. ८० चे ३५ टक्के म्हणजे २८. यात सारांश नाही, भाषण नाही, कल्पनाविस्तार नाही, तोंडीचा एकही मार्क नाही. तोंडीचे वीस हिशोबात धरूच नका. २०१९ साली बोर्डानं भाषांचे ते अंतर्गत वीस मार्क काढून टाकले होते, आणि राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते परत सुरू झाले. पण निकाल किती पोकळ पायावर उभा होता, ते त्या एका वर्षात उघडं पडलं.

ऊसतोडीला गेलेली अकरा लेकरं. त्यांच्यासाठी ऑनलाइन तास वगैरे ठेवू नका, कुणी येणार नाही. घरातला एकच फोन दिवसभर बापाबरोबर फडात असतो आणि रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. त्यापेक्षा रोज एक आवाजी संदेश पाठवा, दोन मिनिटांचा, वर्गात जो उतारा चाललाय तोच, तुमच्या आवाजात, सावकाश. उताऱ्याचा फोटो आधीच पाठवलेला असावा, कारण नुसतं ऐकून उपयोग नाही, बोट ओळीवर पाहिजे. त्यांनी वाचून परत पाठवायचं. कधी पाठवतील, कधी नाही. रागवू नका. जाताना झेरॉक्स दिली नसेल तर गावाकडून टोळीकडं कुणी ना कुणी जातंच, त्याच्याकडं द्या. टोळी घेऊन गेलेल्या मुकादमाला फोन करायलाही लाजू नका.

अडचण वेगळीच आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे कारखान्याचा पट्टा पडायच्या, हंगाम संपायच्या आधी येते. 'ते परीक्षेला येतील' असं धरून चालू नका. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फिटलेली नसते, ऐन हंगामात दोन हात कमी करायला बापाला परवडत नाही. आत्ताच, डिसेंबरातच, बापाशी बोला. आईशी जास्त बोला. पूर्वपरीक्षेला जानेवारीत लेकरू आलं की परत पाठवायचं नाही, आजीकडं किंवा चुलत्याकडं ठेवायचं, एवढं कबूल करून घ्या. तोंडी परीक्षाही त्याच सुमाराला उरकून टाकता येते. पोरगी असेल तर तिच्या राहण्याची सोय कुठं, सोबत कोण, हे तुम्ही आणि शाळेतल्या एखाद्या मॅडमनी मिळून बघा. नुसतं 'पाठवा' म्हणून तिला कुणी पाठवणार नाही.

लातूरला जाणाऱ्या चार-पाच जणांची काळजी तुम्ही करताय त्यापेक्षा थोडी जास्त करा. दहावीत नव्वद पडले तरी अकरावी सायन्सला सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि मराठी माध्यमातून गेलेलं पोरगं पहिले काही महिने नुसतं बघत राहतं. सारांश आणि कवितेचं रसग्रहण हे दोन प्रश्न त्यांच्यासाठीच आहेत. सारांश म्हणजे उताऱ्यातल्या तीन ओळी उचलून ठेवणं नव्हे. साधारण एक तृतीयांशात, आपल्या शब्दांत, वर शीर्षक. त्यांना रोज कुठल्याही इंग्रजी मजकुराच्या एका परिच्छेदाचा सारांश लिहायला लावा. विज्ञानाच्या सरांकडून अकरावीच्या पुस्तकाचं पान घ्या, तेही चालेल, उलट बरंच. कवितेत शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात. पहिल्या चारांचे मिळून तीन मार्क पाठांतरावर मिळतात, मध्यवर्ती कल्पनेच्या दोन मार्कांना डोकं लागतं.

आता ते 'केंद्रावर बघू', म्हणजे कॉपीचं. सर, तुम्ही मला स्पष्ट विचारलेलं नाही, पण पत्रात लिहिलंत म्हणजे मनात खुपतंय. १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे, तो पोरांपुरता नाही, कॉपी पुरवणाऱ्यालाही लागतो, आणि पुरवणारा शिक्षक असला तर आधी नोकरी त्याचीच धोक्यात येते. हे झालं भीतीचं. व्यवहाराचं असं, की केंद्रावर ऐनवेळी बाहेरच्या शाळेचे पर्यवेक्षक येतात, भरारी पथक दारात बसतं, आणि नोव्हेंबरपासून 'बघू' ऐकत आलेलं पोरगं तीन तास पेनचं टोपण चावत राहतं. त्याला तुम्ही वाचायलाही शिकवलेलं नसतं. आणि कॉपी मिळालीच असं धरा. ती इंग्रजीत असते. कोणत्या प्रश्नाचं उत्तर कुठं लिहायचं, हे कळायला वाचताच यावं लागतं. गाइडाचं फाडलेलं पान चौथ्या प्रश्नाखाली उतरवलेलं, ज्यात पाचव्याचं पत्र आहे, असे पेपर मी पाहिलेत.

१७ नंबरच्या फॉर्मला मात्र ठाम नाही म्हणा. खाजगी विद्यार्थ्यांची ती सोय ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठी आहे, शाळेच्या फलकावर शंभर टक्के निकाल लिहिता यावा म्हणून नाही. मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, त्यांच्यावरही संस्थाचालकांचं दडपण असतं. वर मांडलेलं २९ चं गणित त्यांच्यासमोर ठेवा. निकालाच्या भाषेत बोललात तर ऐकतील. आणि एखादं नापास झालंच तर पुरवणी परीक्षा आता जून-जुलैतच होते, वर्ष जात नाही. नववीतून घरी बसवलेल्या पोराचं वर्ष जातं. पोरीचं तर पुढं काय होतं, हे बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला मी सांगायला नको.

राहिलं तुमचं इंग्रजी. इतिहासाच्या माणसाच्या गळ्यात इंग्रजी पडणं ही तुमची चूक नाही. जागा भरली जात नाही, तोवर तुम्हीच आहात. उताऱ्याची तयारी आदल्या रात्री करा. फोनवरच्या शब्दकोशात शब्दाचा उच्चार ऐकायला मिळतो, तो दोनदा ऐका, मोठ्यानं म्हणा. बायको हसली तर हसू द्या. वर्गात अडलात तर लपवू नका, पोरांसमोर शब्दकोश उघडा आणि एखाद्या हसणाऱ्यालाच शोधायला लावा. शब्द कसा शोधायचा हे त्यानिमित्तानं त्यांना कळेल, कारण वर्णक्रम हा पेपरातही आहे. तास पूर्ण इंग्रजीतून घेण्याच्या फंदात पडू नका. हुकूम इंग्रजीत, समजावणं मराठीत. कायद्यात कुठं बसत असेल नसेल, लेकरांच्या डोक्यात असंच बसतं.

पूर्वपरीक्षा झाली की सगळ्यात कमी मार्क पडलेल्या पाच-सहा उत्तरपत्रिकांची झेरॉक्स मला पाठवा. नावं झाकून. किती मार्क पडले ते मला नको, कोणता प्रश्न कोरा राहिलाय आणि कुठं प्रश्नच उतरवून ठेवलाय ते बघायचंय. त्यावरून शेवटच्या पाच आठवड्यांत काय सोडायचं ते आपण ठरवू.